शुल्क जैसे थे, शिक्षण मात्र महाग
शासनाच्या आखडत्या हाताचा पालघर-बोईसरच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर होणारा परिणाम

पालघर : राज्याचा अर्थसंकल्प सादर झाला की महाविद्यालयांचे शुल्क वाढले की नाही, याची चौकशी प्रथम होते. पालघर, बोईसर, डहाणू पट्ट्यातील पालकही त्याला अपवाद नाहीत. मात्र या प्रश्नाचे उत्तर बहुधा दिशाभूल करणारे असते. मुंबई विद्यापीठाशी संलग्न अनुदानित महाविद्यालयांत कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या पदवी वर्गाचे शिकवणी शुल्क दीर्घकाळ वर्षाला अवघे ८०० रुपये राहिले. शहरातील एखाद्या खासगी शिकवणीवर्गाचे महिन्याचे शुल्कही त्याहून अधिक असते. असे असताना पदवीपर्यंतचे शिक्षण परवडत नाही, ही तक्रार का वाढत आहे?

शासनाने कपात केली ती शुल्काच्या पावतीवर नव्हे, हे याचे उत्तर आहे. ती झाली प्राध्यापकांच्या पदांत, नव्या महाविद्यालयांना नाकारलेल्या अनुदानात आणि शिष्यवृत्तीच्या रकमा हाती पडण्याच्या तारखांत. अमेरिकेत २००८ च्या मंदीनंतर अनेक राज्यांनी सार्वजनिक विद्यापीठांचा निधी कमी केला, तेव्हा तेथील शुल्क उघडपणे वाढले. इंग्लंडमध्ये अध्यापनाचे अनुदान घटवून २०१२ पासून शुल्काची मर्यादा वर्षाला नऊ हजार पौंडांवर नेण्यात आली आणि त्यावर रस्त्यावर आंदोलने झाली. महाराष्ट्रात तसे काही घडले नाही. येथे शुल्क जागच्या जागी राहिले आणि त्या शुल्कात शिकता येईल अशा जागांची वाढच थांबली. त्यामुळे या कपातीची बातमी क्वचितच होते.

अनुदानाचे दार २००१ मध्ये बंद

शिक्षणाचा भार सरकारने उचलावा, ही कल्पना या राज्याला नवी नाही. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९५९ मध्ये वार्षिक ९०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना शुल्कमाफी देण्यात आली. ही मर्यादा पुढे १२०० रुपयांपर्यंत वाढली. 'ईबीसी' हे तीन अक्षरी नाव तेव्हापासून मराठी घराघरांत रुळले. त्याच्या जोडीला अनुदानाची पद्धत होती. महाविद्यालय खासगी संस्थेचे असले तरी मंजूर पदांवरील प्राध्यापक व कर्मचाऱ्यांचे वेतन राज्य शासन देते आणि त्या बदल्यात शुल्कावर शासनाचे नियंत्रण राहते, असा हा व्यवहार आहे. ८०० रुपयांत पदवीचा वर्ग चालू शकतो तो या एका कारणाने. वेतनाचा खर्च विद्यार्थ्याच्या खिशातून जात नाही.

या व्यवस्थेला पहिला छेद १९८३ मध्ये गेला. वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्यात आली. निर्णायक घाव मात्र २००१ चा होता. २४ नोव्हेंबर २००१ च्या शासन निर्णयानंतर नव्या महाविद्यालयांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावरच मान्यता मिळू लागली. 'कायम' हा शब्द तेथे सहज पडलेला नव्हता. आज ना उद्या अनुदान मिळेल ही आशा कोणी धरू नये, म्हणून तो योजलेला होता. शाळांच्या बाबतीत हा शब्द २००९ मध्ये वगळण्यात आला. वरिष्ठ महाविद्यालयांना तो दिलासा त्या वेळी मिळाला नाही.

पालघर जिल्ह्यासाठी या तारखेला विशेष अर्थ आहे. हा जिल्हा अस्तित्वात आला १ ऑगस्ट २०१४ रोजी, म्हणजे अनुदानाचे दार बंद झाल्यानंतर जवळजवळ तेरा वर्षांनी. जी महाविद्यालये त्याआधी उभी राहिली तीच अनुदानाच्या आधारावर चालणार, हे जिल्ह्याच्या जन्माआधीच ठरून गेले होते. बोईसरचा विस्तारही प्रामुख्याने याच काळातला. १९६९ मध्ये तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन संचांतून व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे औद्योगिक वसाहत वाढली. २००५ आणि २००६ मध्ये अणुवीज केंद्राचे आणखी दोन संच कार्यान्वित झाले. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली. कामगार आले, चाळी व इमारती उठल्या, मुले बारावी होऊ लागली. या नव्या लोकसंख्येसाठी अनुदानित पदवी जागा मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत, कारण धोरणात तशी तरतूदच उरलेली नव्हती.

याचा प्रत्यक्ष परिणाम कसा होतो, हे कोणत्याही मोठ्या महाविद्यालयाच्या प्रवेशयादीत दिसते. एकाच इमारतीत, एकाच शाखेची एक तुकडी अनुदानित असते आणि नंतर मंजूर झालेली दुसरी विनाअनुदानित. गुणवत्ता यादीत वर असलेल्या विद्यार्थ्याला सरकारी दराचे शुल्क लागते. दोन-चार गुण कमी असलेल्याला त्याच अभ्यासक्रमासाठी काही पटींनी अधिक रक्कम मोजावी लागते. आणि ज्याला गुण कमी पडतात तो बहुधा अधिक गरीब घरातला, दूरच्या शाळेतून आलेला असतो. मुंबई विद्यापीठात १९९८-९९ पासून व्यवस्थापन शास्त्राचा पदवी अभ्यासक्रम आला. त्यामागोमाग माहिती तंत्रज्ञान, लेखा व वित्त असे स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम आले. नोकरीच्या बाजारात मागणी असलेले शिक्षण आणि शासन ज्याचा खर्च उचलते ते शिक्षण यांची फारकत झाली ती येथे.

सरासरीने घात केला

पालघरला मदत मिळण्याची एक संधी जिल्हानिर्मितीपूर्वी येऊन गेली होती. उच्च शिक्षणातील प्रवेशाचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी असलेले देशातील ३७४ जिल्हे शैक्षणिकदृष्ट्या मागास म्हणून निश्चित करण्यात आले आणि तेथे केंद्राच्या साह्याने आदर्श पदवी महाविद्यालये काढण्याची योजना आखण्यात आली. महाराष्ट्रातील रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, जालना, हिंगोली, बुलढाणा व गडचिरोली हे जिल्हे त्या यादीत होते. ठाणे नव्हते. आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी हे तालुके तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते.

ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई या शहरांची आकडेवारी ज्या जिल्ह्यात मोजली जाते, त्या जिल्ह्याच्या सरासरीत मोखाड्याचे दारिद्र्य दिसणे शक्यच नव्हते. २०११ च्या जनगणनेनुसार आजच्या पालघर जिल्ह्याच्या सुमारे ३० लाख लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३७ टक्के आहे. वर उल्लेखिलेल्या चार तालुक्यांत ते नव्वद टक्क्यांच्या वर आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात उच्च शिक्षणातील एकूण प्रवेशाचे प्रमाण २८.४ टक्के, तर अनुसूचित जमातींमध्ये २१.२ टक्के होते. जिल्हा वेगळा झाला खरा. कोळगाव येथे सिडकोने उभारलेले जिल्हा मुख्यालयाचे भव्य संकुलही २०२१ मध्ये सुरू झाले. पदवी शिक्षणाचा भार मात्र पूर्वीप्रमाणेच खासगी शिक्षणसंस्थांच्या महाविद्यालयांवर राहिला. पालघरचे सोनोपंत दांडेकर महाविद्यालय, जव्हारचे गोखले एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय, तलासरीचे गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालय ही नावे जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या तोंडी आहेत. शासनाने स्वतः काढलेल्या पदवी महाविद्यालयाचे नाव त्यांत नाही.

रिकाम्या खुर्च्यांचा हिशेब

अनुदानित महाविद्यालय म्हणजे शासनाने वेतन द्यायची पदे. ती पदेच भरली नाहीत तर अनुदान कागदावर शाबूत राहते आणि तिजोरीतील रक्कम वाचते. कपातीची ही सर्वांत शांत पद्धत होय. प्राध्यापक भरतीवरील निर्बंधांनंतर २०१८ मध्ये राज्यातील रिक्त पदांपैकी ४० टक्के, म्हणजे ३,५८० सहायक प्राध्यापकांची पदे भरण्यास मान्यता देण्यात आली. त्यापैकी १,४९२ पदे भरली जाईपर्यंत करोनाची साथ आली. ४ मे २०२० रोजी वित्त विभागाने विभागांना अर्थसंकल्पीय तरतुदीच्या केवळ ३३ टक्के निधी उपलब्ध होईल असे कळवले आणि आरोग्य व वैद्यकीय शिक्षण वगळता नवी भरती थांबवली. उरलेल्या २,०८८ पदांना पुन्हा परवानगी मिळाली ती २०२१ च्या अखेरीस. मूळ हिशेब रिक्त पदांच्या चाळीस टक्क्यांचा होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. साठ टक्के जागा रिकाम्या राहणार हे गृहीतच धरलेले होते, आणि दरम्यानच्या काळात निवृत्त झालेल्यांची गणती त्यात नाही.

मग वर्ग कोण घेते? तासिका तत्त्वावरील अध्यापक. २०२३ मध्ये त्यांचे मानधन पदवी वर्गासाठी तासाला ९०० रुपये करण्यात आले. आठवड्याला नऊ तासिकांची मर्यादा गृहीत धरली तरी महिन्याला साधारण ३२ हजार रुपये होतात. तेही महाविद्यालय चालू असलेल्या महिन्यांपुरते. कायम सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतनच ५७,७०० रुपये आहे. नेट किंवा पीएच.डी. झालेला उमेदवार या मानधनावर विरारहून रोज लोकल पकडून पालघरला किंवा बोईसरला किती वर्षे येईल? तो सत्राच्या मध्यावर दुसरीकडे गेला की विषय अर्धवट राहतो. विद्यार्थ्याला त्याची किंमत मोजावी लागते: खासगी शिकवणीच्या रूपाने, अनुत्तीर्ण झाल्यावर पुन्हा भरावयाच्या परीक्षा शुल्काच्या रूपाने किंवा एक वर्ष वाया जाण्याच्या रूपाने. ८०० रुपयांच्या शिकवणी शुल्काखाली लिहिलेल्या विकास निधी, सुविधा शुल्क, जिमखाना, संगणकीय सेवा अशा बाबींची यादीही महाविद्यालयाला याच सुमारास महत्त्वाची वाटू लागते, हे वेगळे सांगायला नको.

शिष्यवृत्ती आहे, पण केव्हा?

जिल्ह्यातील आदिवासी विद्यार्थ्यांचे शिक्षण भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर अवलंबून आहे. अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना ती लागू असून अनुसूचित जमातींसाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के, तर राज्याचा २५ टक्के आहे. तिच्यातून शुल्काची प्रतिपूर्ती होते आणि निर्वाह भत्ताही मिळतो. सर्वसाधारण पदवी अभ्यासक्रमातील घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा भत्ता २०१० मध्ये दरमहा ३०० रुपये आणि वसतिगृहात राहणाऱ्यासाठी ५७० रुपये ठरवण्यात आला. या ३०० रुपयांचे त्यानंतरच्या महागाईत काय झाले असेल, याचे गणित करायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

रकमेपेक्षा मोठी अडचण वेळेची. 'महाडीबीटी' ही ऑनलाइन व्यवस्था २०१७-१८ पासून आली. पहिल्याच वर्षी तांत्रिक अडचणींमुळे पुन्हा कागदी अर्जांचा आधार घ्यावा लागला. शासनाच्या दृष्टीने मार्च अखेरीस न दिलेली रक्कम पुढच्या वर्षी दिली, एवढाच फरक पडतो. विनाअनुदानित महाविद्यालयाला मात्र तोवर पगार करायचे असतात. पात्र मागासवर्गीय विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क मागू नये, असे आदेश असले तरी प्रतिपूर्ती रखडली की त्याचा तगादा अखेर विद्यार्थ्यामागे लागतो आणि गुणपत्रिका किंवा दाखला हा त्या तगाद्याचा हुकमी मार्ग ठरतो. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत २०२१-२२ पासून केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येऊ लागला आणि तो सात दिवसांत महाविद्यालयाकडे भरण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर आली. घरात आजारपण असताना खात्यात आलेले पैसे सात दिवस न हलवता ठेवणे प्रत्येक कुटुंबाला जमेलच असे नाही.

राहण्या-जेवण्याचा प्रश्न त्याहून अवघड आहे. पालघर, बोईसर, डहाणू रेल्वेमार्गावर आहेत. जव्हार व मोखाडा यांना रेल्वे नाही. जव्हारच्या विद्यार्थ्याला विक्रमगड, मनोर मार्गे महामार्ग ओलांडून पालघर गाठावे लागते. एसटीचा विद्यार्थी पास भाड्याच्या एक तृतीयांश रकमेत मिळतो खरा, पण रोज इतका प्रवास करून नियमित वर्गात बसणे कठीण असल्याने वसतिगृह अपरिहार्य ठरते. आदिवासी विकास विभागाने २०१८ मध्ये अनेक वसतिगृहांतील भोजनाऐवजी विद्यार्थ्यांच्या खात्यात दरमहा तीन ते साडेतीन हजार रुपये जमा करण्याचा निर्णय घेतला. त्याला विरोध म्हणून त्याच वर्षी जुलैत विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिकच्या दिशेने पायी मोर्चा काढला. त्यांचा आक्षेप साधा होता: पैसे उशिरा आले तर त्या महिन्यात जेवायचे कोठे?

ज्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून 'पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्' योजना आहे. मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांत शिकणाऱ्यास ती वर्षाला ६० हजार रुपये देऊ करते. त्यापैकी भोजनासाठी ३२ हजार, निवासासाठी २० हजार आणि निर्वाहासाठी आठ हजार. निवासाचे २० हजार दहा महिन्यांवर विभागले तर महिन्याला दोन हजार रुपये पडतात. तेवढ्या भाड्यात मुंबईत किंवा ठाण्यात खोली तर सोडाच, चार जणांत मिळून एक कोपरा मिळणेही कठीण. जिल्ह्याच्या ठिकाणी ही एकूण रक्कम ४३ हजार ठरवण्यात आली. योजनेचे श्रेय शासनाला दिलेच पाहिजे. वसतिगृह बांधण्यापेक्षा भत्ता देणे स्वस्त पडते, हेही त्याच हिशेबात दिसते.

बोईसरचा पेच वेगळा

तारापूर औद्योगिक वसाहतीच्या परिसरातील प्रश्न जव्हारसारखा नाही. येथे प्रवासाचे अंतर कमी, पण दाखल्यांचे अंतर मोठे. कंत्राटी कामगारांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्यांची संख्या मोठी आहे. राज्याच्या शुल्क सवलतींसाठी महाराष्ट्राचा अधिवास दाखला लागतो. परराज्यातील जातीच्या दाखल्यावर येथे आरक्षणाचे लाभ मिळत नाहीत. कंत्राटदार दर दोन-तीन वर्षांनी बदलणारा, भाड्याची खोली करारपत्राविना घेतलेली, अशा कुटुंबाने पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा कोठून आणायचा? उत्पन्नाच्या निकषात सहज बसणारा मुलगा केवळ कागदाअभावी पूर्ण शुल्क भरणाऱ्यांच्या रांगेत उभा राहतो.

त्यातच अभियांत्रिकीची ओढ स्वाभाविक आहे. आजूबाजूला रसायन, औषध, पोलादाचे कारखाने आणि अणुवीज केंद्र. पण पदवी अभियांत्रिकीचे शासकीय महाविद्यालय जिल्ह्यात नाही. पालघर आणि बोईसर येथील अभियांत्रिकी महाविद्यालये खासगी विनाअनुदानित आहेत. अशा महाविद्यालयांचे शुल्क साधारणपणे वर्षाला लाखाच्या आसपास जाते. २०१६ मध्ये आलेल्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून पुढे आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना शिकवणी शुल्काची निम्मी रक्कम मिळू लागली. जुलै २०२४ च्या निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिकवणी व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ झाले. त्यासाठी सुमारे ९०६ कोटी रुपयांचा अतिरिक्त भार शासनाने स्वीकारला. मुलींच्या दृष्टीने हे मोठे पाऊल आहे, यात शंका नाही. मात्र ही रक्कमदेखील प्रतिपूर्तीच्याच मार्गाने महाविद्यालयात पोहोचते. अनुदानित पद निर्माण करण्याऐवजी खासगी संस्थेचे बिल शासनाने भरायचे, असा हा मार्ग असून त्याची मदार दर वर्षी मिळणाऱ्या तरतुदीवर आहे.

तिजोरीची बाजू

शासनाची अडचण खोटी नाही. मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या २०२५-२६ च्या सात लाख कोटींच्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपये दाखवण्यात आली आणि राज्यावरील कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज होता. त्याच अर्थसंकल्पात 'लाडकी बहीण' योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद होती. दरमहा १५०० रुपये मिळणाऱ्या घरातील मुलीचा लोकलचा पास त्यातून निघत असेल, हे नाकारता येत नाही. पण त्या योजनेसाठी २०२५ च्या एप्रिल-मेमध्ये आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी आणि सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये वळवण्यात आले, तेव्हा सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. त्या-त्या समाजातील लाभार्थी महिलांवरच हा निधी खर्च होतो, असा त्यावरचा खुलासा आहे. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर असेल. परंतु वसतिगृहे, स्वयम् आणि शिष्यवृत्तीतील राज्याचा वाटा ज्या दोन विभागांकडून येतो तेच हे विभाग आहेत, ही गोष्ट डहाणू आणि जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांत अर्ज घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तांत्रिक नाही.

ज्यांना यातले काहीच जमत नाही, त्यांच्यासाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण हे पर्याय उरतात. तारापूरच्या कारखान्यात पाळी करून परीक्षेपुरती रजा काढायची आणि तीन-चार वर्षांनी पदवी पदरात पाडून घ्यायची. शासनाच्या नोंदीत असा तरुण उच्च शिक्षण घेणाराच ठरतो. प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि वर्गात उभा असलेला प्राध्यापक यांचा खर्च त्याच्यावर कोणी करत नाही.